अमर नायकांचे मृत्यु

१९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या १८ तारखेस अमेरिकेंतील चित्रकथांच्या दुकानांपुढें गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या होत्या. त्या दिवशीं सुपरमॅन मरणार होता. अंकाचें वेष्टन काळें होतें. या वीराच्या छातीवरील अक्षरांतून रक्त ठिबकत असल्याचें त्यावर दाखविलें होतें, आणि शोक पाळूं इच्छिणाऱ्यांसाठीं आंत दंडाला बांधावयाची एक काळी फीतहि घातलेली होती. वर्तमानपत्रांनीं ही वार्ता एखाद्या थोर पुरुषाच्या निधनासारखी छापली, आणि अंकाच्या लक्षावधि प्रती खपल्या. वर्ष पुरें होण्यापूर्वींच सुपरमॅन जिवंत होऊन परत आला. तो परत येणार हें नेहमींच्या वाचकांनीं आधींच ओळखलें होतें. त्याला मारणाऱ्या लेखकांस तर तें ठाऊक होतेंच. ज्या मरणावर कोणाचाहि विश्वास नाहीं त्या मरणाची कथा लोकांनीं इतक्या उत्सुकतेनें कां वाचावी, आणि अशीं मरणें व अशीं पुनरुज्जीवनें वारंवार होऊं लागलीं म्हणजे कथेचें काय होतें, हा प्रश्न त्या काळ्या वेष्टनानें सर्वांपुढें मांडला.

हा प्रश्न पोरखेळाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. गोष्टीला शेवट असावा आणि त्या शेवटानें आधींच्या सर्व घटनांना अर्थ यावा, ही ऐकणाऱ्याची फार जुनी अपेक्षा आहे. अमेरिकेंतील महावीरांच्या चित्रकथा म्हणजे या अपेक्षेविरुद्ध चाललेला एक प्रचंड प्रयोगच होय. त्यांत एकच गोष्ट ऐंशींहून अधिक वर्षें चालू आहे. सांगणारे शेंकडों बदलले. ऐकणाऱ्यांच्या तीन-चार पिढ्या झाल्या. नायक मात्र ऐन तारुण्यांतच उभा आहे. हें कसें घडलें हें समजण्यासाठीं त्या गोष्टीचा मालक कोण, येथूनच आरंभ केला पाहिजे.

क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांनीं निर्माण केलेला सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स' या मासिकाच्या जून १९३८ च्या पहिल्या अंकांत प्रसिद्ध झाला. सीगलचा बाप कापडांचा दुकानदार होता, आणि १९३२ सालीं दुकानांत चोर शिरले असतां त्याचा अंत झाला होता. ज्याच्या अंगांत बंदुकीची गोळी शिरत नाहीं असा नायक त्याच्या मुलानें कल्पावा, या गोष्टीकडे पुढें अनेकांचें लक्ष गेलें आहे. या दोघांनीं पहिल्या कथेबरोबरच नायकावरील सर्व हक्क १३० डॉलरांस प्रकाशकाला विकले. त्या काळीं तसा रिवाजच होता. परंतु त्या एका सहीनें असें झालें कीं सुपरमॅनला जन्म देणारे निराळे आणि त्याच्या आयुष्याचा हिशेब ठेवणारे निराळे. ज्यानें नायक कल्पिला त्याला त्याची कथा संपविण्याचा अधिकार उरला नाहीं, आणि ज्याला तो अधिकार होता त्याला ती संपविण्याचें कांहींच कारण नव्हतें.

शेरलॉक होम्सचें उदाहरण याच्या शेजारीं ठेवलें म्हणजे फरक ध्यानांत येतो. कॉनन डॉईल यांनीं १८९३ सालीं होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्याच्या दरींत लोटलें आणि वाचकांचा रोष ओढवून घेतला. १९०१ सालीं त्यांनीं होम्सची एक जुनी हकीकत म्हणून नवी कादंबरी सुरू केली, आणि १९०३ सालीं तर तो दरींत पडलाच नव्हता असें सांगून त्याला उजळ माथ्यानें लंडनला आणलें. पैशाचा मोह व लोकांचा आग्रह येथेंहि होताच. परंतु मारणारा व उठविणारा हात एकच होता, आणि १९२७ सालीं त्याच हातानें होम्सच्या कथांना पूर्णविराम दिला. सुपरमॅनच्या कथेला असा एक हातच नव्हता.

आरंभींचीं पंचवीस वर्षें ही अडचण कोणाला जाणवली नाहीं, कारण त्या काळच्या कथांना स्मरणशक्तीच नव्हती. प्रत्येक कथा आपल्यापुरती असे. खलपुरुष शेवटच्या पानावर दरींत किंवा आगींत नाहींसा होई, आणि पुढें केव्हां तरी हसत परत येई. १९४० सालीं बॅटमॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्याच अंकांत जोकर हा विदूषकी चेहऱ्याचा खुनी मरावयाचा होता. शेवटच्या क्षणीं व्हिटनी एल्सवर्थ या संपादकानें तो जिवंत असल्याचें दाखविणारें एक चित्र घालावयास लावलें. इतका उपयोगी दुष्ट एका कथेंत खर्चून टाकणें त्याला परवडण्यासारखें वाटलें नाहीं. या धंद्यांतील पुढच्या शेंकडों पुनरुज्जीवनांचें बीज या एका चित्रांत आहे. मात्र त्या वेळीं त्याचा कोणालाच विषाद वाटला नाहीं; कारण जेथें मागचें कांहींच लक्षांत ठेवावयाचें नसतें तेथें मेलेला परत आला काय आणि न आला काय, सारखेंच.

१९६२ सालीं उंबेर्तो एको या इटालियन पंडितानें सुपरमॅनवरील आपल्या निबंधांत याचें मर्म सांगितलें. मनुष्य एखादें कृत्य करतो म्हणजे काळाच्या वाटेवर एक पाऊल टाकतो, आणि ती वाट मृत्यूकडे जाते. सुपरमॅनला मात्र दर महिन्याला पराक्रम करावयाचे आणि तरीहि वापरून झिजावयाचें नाहीं. म्हणून त्याच्या कथा स्वप्नासारख्या सांगितल्या जातात. एका कथेचा काळ दुसरीला जोडला जात नाहीं. याच सुमारास संपादकांनीं 'काल्पनिक कथा' असा एक निराळा वर्गच काढला होता. जणूं काय इतर कथा खऱ्याच होत्या! या वर्गांत नायकाचें लग्न होऊं शके, त्याला मुलें होऊं शकत, तो मरूंहि शके. १९६१ सालच्या नोव्हेंबरच्या अंकांत अशा एका कथेंत सुपरमॅनचा वध झाला. लूथर हा त्याचा वैरी पश्चात्तापाचें सोंग घेतो, कर्करोगावर औषध शोधून त्याचा विश्वास मिळवितो, आणि मग त्याला क्रिप्टनाइटच्या किरणांनीं मारतो. सुपरमॅन मरतो आणि मेलेलाच राहतो. ही कथा स्वतः सीगलनेंच लिहिली होती. आपल्या मानसपुत्राला मारण्याची मुभा त्याला मिळाली, ती ही कथा घडलीच नाहीं या अटीवर!

परंतु त्याच वर्षीं या स्वप्नाला जाग आणणाऱ्या दोन गोष्टी घडल्या. १९५६ सालीं फ्लॅश हा वेगवान वीर नव्या नांवारूपानें पुन्हां अवतरला होता. चाळीसच्या दशकांतील जुना फ्लॅश हा त्या नव्या फ्लॅशच्या दृष्टीनें केवळ लहानपणीं वाचलेल्या पुस्तकांतला नायक होता. १९६१ च्या सप्टेंबरांत गार्डनर फॉक्स या लेखकानें त्या दोघांची गांठ घालून दिली. जुना वीर दुसऱ्या एका पृथ्वीवर राहतो, असें स्पष्टीकरण देण्यांत आलें. ही कल्पना मोठी मौजेची होती. परंतु तिनें एक नवें कर्तव्य निर्माण केलें. पंचवीस वर्षांत जें जें छापलें गेलें तें तें कोठें तरी खरेंच घडलें असलें पाहिजे, असें आतां मानावें लागणार होतें.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या मार्व्हल प्रकाशनांत घडली. तेथें स्टॅन ली, जॅक कर्बी व स्टीव्ह डिटको यांनीं १९६१ पासून नव्या वीरांची मालिका सुरू केली. हे सर्व वीर एकाच शहरांत राहत, एकमेकांच्या मासिकांत डोकावत, आणि मागच्या महिन्यांत झालेली जखम या महिन्यांतहि त्यांना दुखे. तळटीप देऊन मागील अंकाचा क्रमांक सांगितला जाई. वाचकांचीं पत्रें छापलीं जात, आणि कथेंतील चूक दाखवून वर तिचें समर्थनहि स्वतःच सुचविणाऱ्या वाचकाचा तेथें जाहीर गौरव होई. अशा रीतीनें मुलांच्या करमणुकीच्या वस्तूला इतिहास प्राप्त झाला, आणि वाचक हे त्या इतिहासाचे बखरकार झाले. यालाच तेथील लोक कथेचें सातत्य म्हणतात.

सातत्याचा हा आग्रह किती सूक्ष्म होत गेला याचा नमुना पाहण्यासारखा आहे. कॅप्टन अमेरिका हा १९४१ मधील युद्धकालीन वीर. १९६४ सालीं तो बर्फांत गोठलेला सांपडला, आणि महायुद्धाच्या अखेरीपासून तो तसाच पडून होता असें सांगण्यांत आलें. त्याचा लहानगा साथीदार बकी मरण पावला होता. परंतु १९५३-५४ सालीं याच कॅप्टन अमेरिकाच्या नव्या कथा छापल्या गेल्या होत्या, त्यांचें काय? वीर जर बर्फांत होता तर त्या कथांत लढत होता तो कोण? १९७२ सालीं स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकानें उत्तर दिलें कीं, तो एक तोतया होता; चेहरा व नांव बदलून वीराची जागा घेतलेला आणि पुढें द्वेषानें वेडा झालेला एक माणूस. जुनी विसंगति झांकण्यासाठीं म्हणून निघालेली ही कथा मूळ कथांहून सरस ठरली. १९५० नंतरच्या अमेरिकेंतील संशयी व भयग्रस्त देशभक्तीचें चित्र तींत आपोआप उतरलें. सातत्य म्हणजे केवळ जमाखर्च जुळविणें नव्हे, चांगल्या हातीं तें अर्थहि निर्माण करतें, हें यावरून दिसतें.

सातत्यानें मरणालाहि प्रथमच वजन आणलें. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यु १९७३ च्या जूनच्या अंकांत झाला. गेरी कॉनवे लेखक होते व गिल केन चित्रकार. खलपुरुष तिला न्यूयॉर्कच्या एका पुलावरून खालीं टाकतो. नायक आपल्या जाळ्याचा तंतु फेंकून तिला मध्येंच झेलतो. परंतु ती मेलेली असते, आणि त्या झेलण्याच्या हिसक्यानेंच तिची मान मोडली असें सुचविलेलें असतें. वाचक संतापले. दहाहून अधिक वर्षें वाचक पाहत आले होते कीं पीटर पार्कर हा शाळकरी पोरगा महाविद्यालयांत गेला, मित्र मिळवूं लागला, प्रेमांत पडला. त्या सर्व काळाची किंमत त्या पुलावर मोजली गेली. एखाद्या एकट्या कथेंत ही मुलगी आली असती व मेली असती तर तिच्यासाठीं कोणी हळहळलें नसतें.

परंतु याच ठिकाणीं तो पेंच उभा राहिला, जो आजतागायत सुटलेला नाहीं. स्मरण आलें म्हणजे काळ आला; काळ आला म्हणजे वय आलें; आणि वय आलें म्हणजे शेवट आला. धंद्याला तर शेवट नको होता. १९६२ सालीं शाळेंत असलेला पीटर पार्कर खऱ्या हिशेबानें आज म्हातारा झाला असता. मग काळ सरकता ठेवण्याची युक्ति निघाली: कथांचा आरंभ नेहमीं थोड्याच वर्षांपूर्वीं झाला असें समजावयाचें. आयर्नमॅन १९६३ सालीं व्हिएतनामांत घायाळ झाला होता. २००५ सालच्या कथेंत त्याच्या त्या जखमेची जागा बदलून अफगाणिस्तान झाली. पीटर पार्करचें लग्न १९८७ सालीं झालें होतें. २००७ सालच्या कथेंत एका सैतानाशीं करार करवून तें झालेंच नव्हतें असें करण्यांत आलें, कारण विवाहित नायक वयस्क दिसतो. नायकाचें वाढणें अशा रीतीनें बंद केल्यावर कथेंत खरोखर कांहीं तरी घडल्याचा भास देणारी एकच घटना उरली. ती म्हणजे मृत्यु. आणि तोहि मागें घेतां येण्याजोगा असला पाहिजे, हें ओघानेंच आलें.

या मागें घेण्यानें काय बिघडतें, तें जीन ग्रे हिच्या कथेंत सर्वांत स्पष्ट दिसतें. एक्स-मेन या मालिकेंतील ही तरुणी अलौकिक शक्ति मिळून उन्मत्त होते आणि त्या उन्मादांत कोट्यवधि जीवांची वस्ती असलेली एक ग्रहमाला नष्ट करते. ख्रिस क्लेअरमाँट व जॉन बर्न यांनीं आधीं योजलेल्या शेवटांत ती शक्ति गमावून जिवंत राहावयाची होती. परंतु जिम शूटर हे मुख्य संपादक म्हणाले कीं, एवढ्या संहाराला शासन झालेंच पाहिजे. शेवट बदलला. १९८० च्या सप्टेंबरच्या अंकांत, आपल्यांतील संहारक शक्ति पुन्हां जागी होत आहे हें ओळखून, जीन भानावर असलेल्या एका क्षणीं चंद्रावर स्वतःच्या हातानें मरण पत्करते. शोकान्तिकेला लागणारें सर्व कांहीं येथें होतें: सामर्थ्य, अपराध, ज्ञान व प्रायश्चित्त. पांच-सहा वर्षांनीं तिच्या जुन्या सोबत्यांचें एक नवें मासिक काढावयाचें ठरलें आणि तींत ती हवी होती. तेव्हां न्यूयॉर्कजवळील एका उपसागराच्या तळाशीं एका कोशांत ती सुखरूप सांपडली. ग्रह जाळणारी व चंद्रावर मरणारी स्त्री ती नव्हेच. त्या शक्तीनें तिचें रूप घेतलें होतें, असा खुलासा झाला. अपराध पुसल्याशिवाय तिला परत आणतां येत नव्हतें, आणि अपराध पुसतांच प्रायश्चित्तहि पुसलें गेलें. म्हणजे या पुनरुज्जीवनानें केवळ एक मृत्यु रद्द केला असें नव्हे, तर आधींच लिहून झालेल्या, लोकांनीं वाचून मनांत जपलेल्या कथेचा अर्थच मागें जाऊन बदलला. पुढच्या कथेनें मागची कथा बिघडविण्याचें हें सामर्थ्य फक्त सातत्याच्या कथेंतच असतें.

दुसऱ्या बाजूला डी. सी. या सुपरमॅनच्या प्रकाशकाकडे पृथ्वींची संख्या इतकी वाढली होती कीं नव्या वाचकाला वाट सांपडेना. १९८५-८६ सालीं मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांनीं बारा अंकांच्या एका महाकथेंत त्या सर्व पृथ्वी मोडून एक केली. त्या प्रलयांत सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल आणि तो दुसरा फ्लॅश यांनीं प्राण दिले. नवा श्रीगणेशा झाला. परंतु १९९४, २००५ व २०११ सालीं पुन्हां पुन्हां तसेच प्रलय करावे लागले. सुपरगर्ल २००४ सालीं व फ्लॅश २००८ सालीं परत आले. घर झाडण्यासाठीं आणलेली केरसुणीच दर वेळीं नवा केर करूं लागली. जुनें पुसण्याच्या प्रत्येक प्रयत्नाचीहि नोंद अखेर त्याच इतिहासांत होत असते.

वाचकांनाच मृत्यूचा निर्णय देण्याचाहि प्रयोग झाला. बॅटमॅनचा दुसरा साथीदार जेसन टॉड हा बऱ्याच वाचकांस नावडता होता. १९८८ सालीं जोकरनें घडविलेल्या स्फोटांत तो सांपडल्यावर प्रकाशकांनीं दोन टेलिफोन क्रमांक जाहीर केले: एक तो वांचावा यासाठीं, दुसरा मरावा यासाठीं. दर मताला पन्नास सेंट पडत. वांचविण्याच्या बाजूला ५,२७१ मतें पडलीं, मारण्याच्या बाजूला ५,३४३. बहात्तर मतांनीं पोरगा मेला. पुढें बॅटमॅनच्या कथांत या मुलाचा रिकामा पोषाख काचेच्या पेटींत टांगलेला दिसूं लागला, आणि त्या पेटीनें नायकाच्या स्वभावाला अपराधाची एक खोल छटा दिली. या धंद्यांत मग एक म्हणच पडली होती कीं, बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचा काका बेन या तिघांवांचून कोणीहि कायमचा मरत नाहीं. २००५ सालीं बकी व जेसन हे दोघेहि परत आले. जेसनच्या जिवंत होण्याचें कारण तर असें देण्यांत आलें कीं, विश्वाबाहेर अडकलेल्या दुसऱ्या एका सुपरमॅनसदृश मुलानें वास्तवाच्या भिंतीवर बुक्क्या मारल्या, आणि त्या हादऱ्यानें मेलेला उठला. पेटींतला पोषाख राहिला, परंतु त्याच्या रिकामेपणाचा अर्थ गेला. बकीचें उदाहरण मात्र वेगळें आहे. एड ब्रूबेकर या लेखकानें त्याला परत आणलें तें स्मृति पुसलेला, शत्रूनें मारेकरी म्हणून वापरलेला माणूस म्हणून. त्याच्या परत येण्यानें जुनें दुःख नाहींसें झालें नाहीं, उलट वाढलें. पुनरुज्जीवन हें स्वतः वाईट नव्हे. फुकटचें पुनरुज्जीवन वाईट, एवढें या दोन उदाहरणांवरून म्हणतां येईल.

सुपरमॅनच्या मरणामागेंहि असाच व्यवहार होता. लेखकांनीं त्याचें लुई लेन हिच्याशीं लग्न योजलें होतें; परंतु त्याच विषयावर दूरचित्रवाणीची मालिका निघणार असल्यानें तें लांबणीवर पडलें. वर्षभराची योजना फुकट गेली. लेखकांच्या बैठकींत त्यांच्यापैकीं एक जण अडचणीच्या वेळीं 'त्याला मारूनच टाकूं या' अशी थट्टा करीत असे. या वेळीं ती थट्टा खरी झाली. डॅन जर्गन्स यांनीं लिहिलेल्या व रेखाटलेल्या अंकांत सुपरमॅन व त्याचा शत्रु एकमेकांच्या प्रहारांनीं कोसळले. त्यानंतरच्या अंकांत शोकांत बुडालेल्या शहराचें जें चित्रण आलें, त्यांत जिव्हाळा होता हें मान्य केलें पाहिजे. पुढें चार जण सुपरमॅन म्हणून पुढें आले, आणि अखेर खरा परतला. पुष्कळांनीं तो मृत्यूचा अंक पुढें मोलानें विकतां येईल म्हणून न फोडतांच ठेवला होता. परंतु जी वस्तु लाखोंच्या संख्येनें छापली गेली ती दुर्मिळ कशी होणार? कांहीं वर्षांतच हा सट्टा कोसळला, दुकानें बुडालीं, आणि १९९६ सालीं मार्व्हलनेंहि दिवाळें काढलें. त्याला इतर कारणेंहि होतीं. तरी मृत्यूंची व प्रलयांची बाजारांत झालेली रेलचेल हें त्यांपैकीं एक होतें यांत शंका नाहीं.

महाभारतांत देवदैत्यांच्या युद्धाची कथा आहे. शुक्राचार्यांजवळ संजीवनी विद्या होती. रणांत पडलेले दैत्य ते पुन्हां उठवीत, आणि त्यामुळें युद्धाचा निकालच लागेना. देवांना ती विद्या हवी झाली म्हणून कच तिकडे गेला. मराठी रसिकांना ही कथा खाडिलकरांच्या 'विद्याहरण' नाटकानें परिचित आहे. त्या कथेंत मुख्य गोष्ट ही कीं, संजीवनीला किंमत पडते: गुरूला आपलें पोट फाडून शिष्याला बाहेर काढावें लागतें, आणि शेवटीं प्रेम शापांत परिणत होतें. चित्रकथांच्या जगांत संजीवनी फुकट झाली. २०१९ सालीं जोनाथन हिकमन यांनीं एक्स-मेनच्या मालिकेंत ही गोष्ट उघडपणें कबूल करून टाकली. त्या कथेंत या वीरांचें एक स्वतंत्र बेट आहे आणि तेथें मेलेल्यांना पुन्हां शरीर देण्याची पद्धतशीर व्यवस्था आहे. परत येण्याला सबब शोधण्याऐवजीं परत येणें हाच कथेचा विषय केल्यामुळें कांहीं काळ त्या मालिकेंत नवा जोम आला. परंतु मरणाचें भय संपल्यावर दुसरें भय शोधावें लागलें. २०२४ सालीं तेंहि पर्व आटोपण्यांत आलें.

ज्यांना शेवट मिळाला अशा कथा थोड्या आहेत, आणि त्या वाचकांच्या ध्यानांत राहिल्या आहेत. १९८२ सालीं जिम स्टार्लिन यांनीं मार्व्हलच्या कॅप्टन मार्व्हल या वीराचा अंत लिहिला. त्यांचे वडील कर्करोगानें वारले होते; त्यांनीं आपल्या वीरालाहि तोच रोग दिला. त्याच्याभोवतीं विश्वांतील सर्व शक्तिमान पुरुष जमतात आणि कोणालाहि कांहीं करतां येत नाहीं. तो वीर पुढें कधीं तोतयाच्या रूपानें, कधीं क्षणभर दिसला. परंतु कायमचा परतला नाहीं. बेन काकाचें मरणहि पुसलें गेलें नाहीं, कारण पुतण्यानें सोडून दिलेल्या चोरानेंच त्याला मारलें होतें. तें मरण काढलें तर स्पायडरमॅनच उरत नाहीं.

या पेंचांतून एक निराळी वाट महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांस परिचित आहे. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें १९६४ पासून १९९० पर्यंत काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा फँटम मराठी मुलांना वेताळ या नांवानें भेटला. जंगलांतील लोक त्याला अमर मानतात. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असतें कीं हा एकविसावा वेताळ आहे. बाप मरतो, मुलगा त्याला पुरतो, आणि तोच मुखवटा चढवून शपथ घेतो. कवटीच्या गुहेंत पूर्वजांच्या ओळीनें समाध्या आहेत. १९३६ सालीं फॉक यांनीं योजलेल्या या युक्तीनें नांव अमर झालें आणि माणूस मर्त्य राहिला. सातत्य येथें मरणाला नाकारून टिकत नाहीं, मरणाच्या आधारानें टिकतें. अर्थात् एकविसाव्या वेताळालाहि धंद्यानें फारसें म्हातारें होऊं दिलें नाहीं, हेंहि खरें.

सुपरमॅनच्या दोन जनकांचें आयुष्य मात्र कोणत्याहि सरकत्या काळांत बसणारें नव्हतें. हक्कांसाठीं कोर्टकचेऱ्या करण्यांत त्यांचीं वर्षें गेलीं. शूस्टरची दृष्टि अधू झाली. १९७५ सालीं लोकमताच्या दडपणानें कंपनीनें दोघांना वर्षाला प्रत्येकीं २०,००० डॉलर देण्याचें आणि कथांवर त्यांचीं नांवें पुन्हां छापण्याचें मान्य केलें. जो शूस्टर १९९२ च्या जुलैंत वारला; चार महिन्यांनीं त्याचा सुपरमॅन मेला. जेरी सीगल १९९६ सालीं वारला. तोंवर सुपरमॅन परत येऊन तीन वर्षें झालीं होतीं, आणि त्याच वर्षीं त्याचें लग्नहि लागलें. काळ्या फिती बांधणारे वाचक फसलेले नव्हते. ज्या कथेशीं त्यांचें बालपण बांधलेलें होतें तिला एकदां तरी शेवट असावा, ही त्यांची इच्छा खरी होती. ती पुरी करणें ज्याच्या हातीं होतें त्या लेखकाचा हात चोपन्न वर्षांपूर्वींच १३० डॉलरांस विकला गेला होता. आणि मालकाला शोक विकतां येतो, शेवट विकतां येत नाहीं.